शहापासून चेकपर्यंत

बुद्धिबळाच्या पटावर राजावर थेट मारा आला की मराठी खेळाडू ‘शह’ म्हणतो, इंग्रजी खेळाडू ‘चेक’ म्हणतो. बँकेत भरायचा चेक, शर्टावरचे चेक्स, लोकलमधले तिकीट चेकिंग, ठाण्याच्या वेशीवरचा चेकनाका हे सगळे पटावरच्या त्या एका उच्चारातून निघाले आहेत, आणि तो उच्चार मुळात आपला ‘शह’च आहे. फारसीतला ‘शाह’ दख्खनेत आला तो जवळजवळ जसाच्या तसा. पश्चिमेकडे गेलेला ‘शाह’ मात्र अरबी, लॅटिन, फ्रेंच अशा अनेक तोंडांतून फिरत इंग्लंडला पोचला तो ओळखू न येण्याइतका बदलून. पुढे इंग्रजांच्या गलबतांतून तो मुंबईला उतरला. एकाच घरातून लहानपणी ताटातूट झालेल्या भावांसारखे हे दोन शब्द आज मराठीत शेजारी नांदतात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

या घराण्याचे मूळ इराणात आहे. सम्राट दारयवहूने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम कोरून घेतला. त्यात राजासाठी आलेला जुना फारसी शब्द साधारण ‘क्षायथिय’ असा उच्चारला जाई. तो झिजत झिजत ‘शाह’ झाला. त्याच्या मुळाशी सत्ता गाजवणे या अर्थाचा जो धातू आहे, तोच संस्कृतातल्या ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ यांच्याही मुळाशी आहे. इराणी सुभेदाराला लावला जाणारा ‘क्षत्रप’ हा शब्द तर महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात यांचे लेख आजही वाचता येतात. वर्तमानपत्रे ज्यांना ‘प्रादेशिक क्षत्रप’ म्हणतात त्या पुढाऱ्यांची पदवी आणि त्यांच्या हातातला चेक ही अशी दूरची भावकी आहे. शहाजीराजांच्या नावातही तोच ‘शाह’ आहे. अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून मालोजींच्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, असे परंपरा सांगते.

भारतातला ‘चतुरंग’ खेळ सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेला आणि तिथे ‘चत्रंग’ झाला. अरबांच्या तोंडी तो ‘शतरंज’ झाला. राजाला मारायचे नाही, त्याला सावध करायचे, आणि पळायला जागा उरली नाही की खेळ संपवायचा, हा या खेळाचा शिष्टाचार. म्हणून मारा करणारा खेळाडू ‘शाह!’ असे मोठ्याने म्हणे. राजाची वाट पुरती बंद झाली की ‘शाह मात’. यातल्या ‘मात’चा अर्थ अरबीप्रमाणे ‘मेला’ असा घ्यायचा की फारसीप्रमाणे ‘निरुपाय झाला’ असा, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पटावर राजा कधी मारलाच जात नाही हे पाहिले तर ‘निरुपाय झाला’ हाच अर्थ अधिक पटतो. मराठीतल्या ‘संकटावर मात केली’ या प्रयोगातही कोणी मेलेले नसते.

अरबांकडून हा खेळ युरोपात गेला आणि दहाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या लॅटिन लिखाणात त्याचे वर्णन येऊ लागले. खेळाचे नाव घेताना मात्र युरोपात दोन तट पडले. स्पेन आणि पोर्तुगालने अरबांचा ‘अल्-शतरंज’ उचलला. स्पॅनिशमध्ये तो ‘आखेद्रेस’ झाला, पोर्तुगीजमध्ये ‘शाद्रेझ’. म्हणजे आपला ‘चतुरंग’ तिथे अजून जिवंत आहे, आणि पोर्तुगीजमध्ये तर चौकडीच्या कापडालाही ‘शाद्रेझ’च म्हणतात. बाकीच्या युरोपने खेळाच्या नावाऐवजी राजालाच उचलले. ‘शाह’चे मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाले, इटालियनमध्ये ‘स्काक्की’, जर्मनमध्ये ‘शाख’ आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’. नॉर्मन राज्यकर्त्यांची ही फ्रेंच इंग्लंडच्या दरबारात बोलली जात होती. तिच्यातून इंग्रजीत दोन शब्द आले. ‘एशेक’चे ‘चेक’ झाले आणि त्याच्या अनेकवचनाचे ‘चेस’. फ्रेंचमध्ये ‘एशेक’चा आजचा सरळ अर्थ ‘अपयश’ असा आहे.

खेळातला हा शब्द राज्यकारभारात शिरला तो एका कापडामुळे.

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाचा वसूल गोळा करण्याचे काम प्रत्येक परगण्याच्या शेरीफकडे असे. मुंबईला ‘शेरीफ’ म्हणजे नगरपाल हे मानाचे पद मिळाले ते याच परंपरेतून, पण मूळचा शेरीफ मानापेक्षा धास्तीत जगणारा होता. वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमस या सणांना, त्याला राजाच्या अधिकाऱ्यांसमोर हिशेबाला बसावे लागे. बसायचे ते एका मोठ्या टेबलाशी. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या लॅटिन ग्रंथात या टेबलाची मापेसुद्धा दिली आहेत. ग्रंथ गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे आणि संवाद सुरू होतो तो थेम्स नदीकाठच्या एका खिडकीशी. टेबल दहा फूट लांब, पाच फूट रुंद. वर ठेवलेले काही घरंगळून जाऊ नये म्हणून चारी बाजूंना चार बोटे उंच कड. त्यावर काळे कापड, आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने आखलेल्या रेघा.

या रेघा सजावटीसाठी नव्हत्या. इंग्लंडमध्ये आकडे तेव्हा रोमन पद्धतीने लिहिले जात, त्यात शून्य नाही आणि स्थानाला किंमतही नाही. अशा आकड्यांची कागदावर बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे डोकेदुखी. त्यात बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणून कापडावर स्तंभ पाडलेले असत. एक पेनींचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. मोजणारा अधिकारी प्रत्येक स्तंभात नाणी मांडत जाई. शेरीफकडून किती येणे आहे ते एका ओळीत आणि त्याने किती भरले ते तिच्याखाली. मग वरून आणि खालून जोडीजोडीने नाणी उचलायची. वर जे उरले ती बाकी. भारतात ज्या दशमान स्थानमूल्याच्या आकड्यांनी हिशेब शतकानुशतके चालत आला होता, त्यांचे काम इंग्लंडचा खजिना कापडावरच्या नाण्यांकडून करून घेत होता. या पद्धतीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपला हिशेब डोळ्यांसमोर सुटताना दिसे.

चौकटी आखलेल्या या कापडाला फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाचेच नाव मिळाले, ‘एशेकिए’. कापडाचे नाव टेबलाला, टेबलाचे तिथे बसणाऱ्या मंडळाला आणि मंडळाचे अख्ख्या सरकारी खजिन्याला. १११० साली हेन्री पहिला याच्या कारकिर्दीत हे नाव कागदपत्रांत दिसू लागते. इंग्रजी वळणाने ते ‘एक्स्चेकर’ झाले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. फिट्झनील नावाचे आणखी एक कारण देतो. पटावर जशी दोन राजांची लढाई होते, तशी या टेबलावर खजिनदार आणि शेरीफ यांची होते. स्वतः आयुष्यभर खजिनदाराच्या बाजूला बसलेल्या माणसाने हे लिहिले आहे, म्हणून ते वजनदार वाटते.

ब्रिटिश पंतप्रधानांच्या बकिंगहॅमशरमधल्या ‘चेकर्स’ या ग्रामीण निवासस्थानाचे नावही एक्स्चेकरमधल्या एका बाराव्या शतकातल्या अधिकाऱ्याशी जोडले जाते. भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या त्या याच घरी.

एक्स्चेकरच्या टेबलाशी आणखी एक वस्तू होती, लाकडाची पावती. हेझल झाडाच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोन भाग करायचे. लांब भाग ‘स्टॉक’, तो पैसे देणाऱ्याकडे. आखूड भाग ‘फॉइल’, तो खजिन्यात. हिशेबाच्या दिवशी दोन्ही भाग जुळवून पाहायचे, खाचेला खाच लागली नाही तर कोणीतरी लबाडी केली आहे. हीच ‘टॅली’. ‘हिशेब टॅली होत नाही’ असे आपल्याकडचा कारकून म्हणतो तेव्हा तो नकळत या काठीबद्दलच बोलत असतो. पावतीपुस्तकातल्या स्थळप्रतीला इंग्रजीत ‘काउंटरफॉइल’ म्हणतात, त्यातला ‘फॉइल’ही इथलाच.

या काठ्यांचा शेवट इंग्लंड विसरू शकत नाही. १८२६ साली ही पद्धत बंद झाली. जुन्या काठ्यांचा ढीग वेस्टमिन्स्टरला पडून होता. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. दिवसभर कोंबून जाळलेल्या वाळक्या लाकडाने धुराडी तापली आणि संध्याकाळी संसदेच्या इमारतीला आग लागली. संसद ज्या मध्ययुगीन राजवाड्यात भरे त्याचा बहुतेक भाग त्या रात्री भस्मसात झाला. ती आग चित्रकार टर्नरने पाहिली आणि चितारली. चार्ल्स डिकन्सने १८५५ साली कारभार सुधारणेवरच्या भाषणात सरकारी जडपणाचा दाखला म्हणून हाच प्रसंग सांगितला. लंडनला जाणारा प्रवासी ज्या संसदभवनासमोर फोटो काढतो ते या आगीनंतर उभे राहिले.

आता पटावरच्या ‘चेक’कडे परत यावे लागते, कारण त्याचे अर्थ दुसऱ्याही वाटेने वाढत होते. राजाला शह बसला की बाकी सारे बेत थांबतात. यातून ‘चेक’ म्हणजे अडथळा, अडवणे, लगाम घालणे असा अर्थ चौदाव्या-पंधराव्या शतकात रुळला. मराठीतला ‘शह’ नेमका इथवरच आला आणि थांबला. एखाद्या पुढाऱ्याला ‘शह देणे’ म्हणजे त्याला अडवणे, आणि त्याने उलट डाव टाकला तर ‘काटशह’. इंग्रजी शब्द पुढे गेला. लगाम घालायचा तर नजर ठेवावी लागते, नजर ठेवायची तर नोंद लागते आणि नोंद ताडून पाहावी लागते. इंग्लंडच्या शाही गोद्यांमध्ये ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा अधिकारी असे. कामगारांचा हजेरीपट त्याच्या ताब्यात, कोण आला, कोण नुसते नाव लावून गेला हे पाहणे त्याचे काम. अशा कचेऱ्यांमध्ये अडवणे आणि तपासणे हे दोन अर्थ एकत्र वावरत होते, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘चेक’ म्हणजे ‘पडताळणे’ हा अर्थ पक्का झाला. आज तोच सगळ्यांत पुढे आहे.

बँकेचा चेक या पडताळण्यातून आला. सावकार-सोनारांच्या नावे ‘अमक्याला इतके द्यावे’ अशी चिठ्ठी लिहिण्याचा प्रघात लंडनमध्ये सतराव्या शतकात होता. १६५९ सालची चारशे पौंडांची एक चिठ्ठी टिकून आहे. पण तिला तेव्हा ‘चेक’ म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे बँकेने स्वतःकडे ठेवलेली स्थळप्रत. चिठ्ठी परत आली की तिच्याशी ताडून पाहायची. पुढे ताडून पाहण्याच्या कागदाचे नाव ताडल्या जाणाऱ्या कागदालाच चिकटले. स्पेलिंगही सुरुवातीला साधेच होते. जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरने १८२० च्या दशकात आपल्या पुस्तकात ‘एक्स्चेकर’च्या वळणाचे स्पेलिंग मुद्दाम स्वीकारले, म्हणजे घोटाळा होणार नाही. ब्रिटनने ते उचलले आणि ब्रिटनमुळे भारताने. अमेरिकेने उचलले नाही. तिथे बँकेचा चेक, तपासणे आणि हॉटेलचे बिल यांचे स्पेलिंग आजही एकच आहे.

‘चेक’ हा शब्द अरबी ‘सक्क’पासून, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीच्या नावापासून, आला असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. ‘सक्क’ ही खरोखरची आणि मोठी गोष्ट होती. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या पार आउदगुस्त इथे बेचाळीस हजार दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पण वस्तू जुनी असणे वेगळे आणि शब्द तिथून येणे वेगळे. इंग्रजी कागदपत्रांत आधी ‘चेक’ म्हणजे अडवणे, मग पडताळणे, मग स्थळप्रत, मग चिठ्ठी अशी सलग साखळी सापडते आणि तिच्यात ‘सक्क’ला कुठेच जागा नाही. उच्चार जुळला एवढ्यावर व्युत्पत्ती ठरवणे चुकीचे आहे. ‘शाह’ आणि ‘चेक’ यांचे उच्चार तर जुळतही नाहीत, तरी नाते खरे आहे.

असे फसवे साम्य मराठी व्यापारातही आहे. ‘शहाजोग हुंडी’ म्हणजे फक्त पतवान पेढीवाल्यालाच पैसे द्यायचे अशी हुंडी. यातला ‘शहा’ इराणचा राजा नव्हे. तो ‘साधु’ या संस्कृत शब्दातून आलेला साहू, म्हणजे आपल्या ‘सावकार’ आणि ‘साव’ यांचा सोयरा. काम मात्र ती रेखांकित चेकचेच करी. हुंडी चोराच्या हाती लागली तरी पेढीवरून पैसे निघत नसत, कारण मध्ये ओळखीचा साहूच लागे. लंडनमध्ये चेकवर दोन तिरप्या रेघा मारण्याची चाल अशाच गरजेतून आली. १७७० च्या सुमारास बँकांचे कारकून लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका मद्यगृहात जमून आपापल्या चेकची देवाणघेवाण करत आणि चेकवर बँकेचे नाव आडवे लिहीत. ‘क्लिअरिंग’चा उगम तो. भारतात १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमाने चेकला कायद्यात बसवले, आणि त्याच कायद्याच्या पहिल्या कलमाने देशी भाषांतल्या हुंडीची स्थानिक रूढी अबाधित ठेवली. चेक न वटणे हा गुन्हा ठरला तो १ एप्रिल १९८९ पासून, कलम १३८ ने. या कलमाखालचे खटले इतके तुंबले की ते लवकर कसे निकालात काढावेत यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला एप्रिल २०२१ मध्ये निर्देश द्यावे लागले.

राजकारणाने हा कागद भरपूर वापरला. जुलै १९१४ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला दिलेला बिनशर्त पाठिंबा इतिहासात ‘कोरा चेक’ म्हणून ओळखला जातो. १९४२ सालच्या क्रिप्स योजनेला गांधीजींनी ‘पुढच्या तारखेचा चेक’ म्हटल्याचे सांगितले जाते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात अमेरिकेने काळ्या नागरिकांना दिलेला चेक पैशांअभावी परत आला आहे, ही कल्पना मांडली. न वटलेल्या चेकचा संताप ज्याने अनुभवला आहे त्याला ते भाषण समजावून सांगावे लागत नाही.

कापडावरच्या चौकटींची वाट लहान आहे. पटासारखे दिसते म्हणून ‘चेक्स’. इंग्लंडमधल्या ‘द चेकर्स’ नावाच्या जुन्या खाणावळी, शर्यत संपल्याचा काळा-पांढरा झेंडा, रिचर्ड निक्सनचा काळा-पांढरा ठिपकेदार कुत्रा ‘चेकर्स’, ज्याच्यामुळे १९५२ सालचे त्याचे दूरचित्रवाणी भाषण गाजले, हे सारे त्याच कुटुंबातले. मराठीला त्यासाठी शब्द उसना घ्यायची गरज नव्हती. चौकडीचे लुगडे आपल्याकडे होतेच. तरी शर्टाच्या दुकानात आज ‘चेक्समध्ये दाखवा’ असेच ऐकू येते.

सरकारी मराठीने चेकला ‘धनादेश’ केले. शब्द नेटका आहे, अर्जात आणि अंदाजपत्रकात चालतो. बोलताना मात्र माणसे चेक फाडतात, चेक टाकतात आणि चेक वटला का ते विचारतात. ‘चेकनाका’ हा जोडशब्द तर पूर्ण आपला. ‘नाका’ इथला, ‘चेक’ इंग्रजांकडचा, आणि अर्थ ‘अडवून तपासण्याची जागा’. मध्ययुगातला ‘अडवणे’ आणि नंतरचा ‘तपासणे’ असे दोन्ही अर्थ त्यात शाबूत आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गावर मुंबई संपून ठाणे सुरू होते तिथला मुलुंड चेकनाका जकातीसाठी ट्रक अडवण्याच्या कामाने सगळ्यांना माहीत झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात बंद पडली. नाक्याचे नाव मात्र ‘मुलुंड चेकनाका’च आहे.